धोंडुबाईंच्या पेंढ्यातली मारुती

॥ श्री ॥

रोहा, ३ जानेवारी १९९६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. कंपनीत देखभाल विभागात काम भरपूर आहे, शिफ्ट पहिली आहे.

परवा पेणला आले तेव्हा आपल्या मारुतीचा पुढचा ब्रेक चिरकत होता. चाक काढून पाहिले. ब्रेक पॅडचे अस्तर जेमतेम दोन मिलिमीटर उरले आहे. दहा वर्षांच्या गाडीत नवल नाही, पण चालवण्यासारखे नाही. रविवारी, सात तारखेला, नवे पॅड आणते आणि मीच बसवते. महिपती मेस्त्रीला बोलावू नका. तोवर गाडी अंगणातच राहू द्या.

झोपाळ्याच्या कड्यांना घालता ते तेल ब्रेकला घालू नका. तुम्ही घालाल असे नाही, पण बुधली चाकाजवळ दिसली म्हणून लिहिते.

आईला नमस्कार. माया आहे तशीच असू द्यावी.

आपली,
पद्मजा

पेण, ९ जानेवारी १९९६

चि. पद्मजास,
अ. उ. आ.

तू रविवारी पॅड बसवून एस.टी.ने गेलीस आणि सोमवारी सकाळी यांनी गाडी फाटकाबाहेर काढून सरळ समोरच्या धोंडुबाईंच्या पेंढ्याच्या उडवीत घातली. लागले कोणालाच नाही. कोंबड्या मात्र अजून खुराड्यात जायला तयार नाहीत. धोंडुबाई म्हणाल्या की मास्तर, गाडीला भूक लागली व्हती तर सांगायचं, येक भारा धाडला असता. शिवाय आळीभर सांगत सुटल्या की मास्तर गाडीत बसून पायानं भात कांडीत व्हते.

हे म्हणतात, ब्रेक उत्तम आहे, माझाच पाय चुकला. आपले ठरलेच होते, यांचा पाय एकदा चुकला की गाडी विकायची. यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून झोपाळ्यावर नुसते बसून असतात. मलाच कसेसे होते. पण ठरले ते ठरले. रविवारी वडखळचे गिऱ्हाईक गाडी बघायला येणार आहे. तुझ्या कामाचे मात्र फार कौतुक चालू आहे.

वेळेवर जेवत जा, एवढे तरी आईचे ऐक.

तुझी,
आई

रोहा, ११ जानेवारी १९९६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

चूक माझी आहे.

नवे पॅड जाड असतात. ते बसावेत म्हणून आतला पिस्टन मागे ढकलावा लागतो. मग गाडी हलवण्यापूर्वी पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करायचे असते. नाही केले तर पहिल्यांदा पाय थेट खाली जातो आणि गाडी थांबत नाही. मी चाके बसवली, हात धुतले आणि एस.टी.साठी धावले. पेडल दाबायचे राहिले. कंपनीत दुसऱ्यांना मी अकरा कलमांची यादी देते. घरी यादी केली नाही.

पाय चुकलेला माणूस भात कांडत नाही. बाबा ब्रेकच दाबत होते, पुन्हा पुन्हा. धोंडुबाईंनी बरोबर पाहिले. बाबांनाही तेव्हाच कळले असणार.

किल्ली त्यांना परत दे. हे पत्र धोंडुबाईंना वाचून दाखवलेस तरी चालेल. चालेल म्हणजे, दाखव.

रागावून का होईना, उत्तर लिही.

तुझी,
पद्मजा

पेण, १६ जानेवारी १९९६

चि. पद्मजास,
अ. उ. आ.

तुझे पत्र आईने ओट्यावर उभे राहून वाचले. धोंडुबाई म्हणाल्या की पोरगी बापासारखीच इसरभोळी हाय, पन बापापरीस खरं बोलते.

पहिल्यांदा पाय खाली गेला तेव्हाच मला कळले होते. पण रविवारी तू काम करत होतीस तेव्हा महिपती मेस्त्री तासभर फाटकाशी उभा होता. जाताना मला म्हणाला की बाईमाणसानं बसवलेला ब्रेक, मास्तर, दोन दिस बघा. एकच दिवस झाला होता गं. त्याला बोलायला जागा द्यायची नव्हती. आता तूच दिलीस, तर तो गप्प आहे. आणि खरेच बोलायचे तर, तेल मी घालणार होतो.

गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवले. किल्ली खुंटीवर आली. काल आम्ही दोघे गडब गावापर्यंत जाऊन आलो. निघण्यापूर्वी मी पेडल दाबतो आणि आई शेजारी बसून मोठ्याने मोजते. पाच झाल्याशिवाय गाडी सुरू करू देत नाही. रोज त्याची गरज नसते, हे मला ठाऊक आहे. तिला लिहू नकोस.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझे,
बाबा