आईसाठी आणलेली मुशी

जव्हार एस.टी. स्टँड
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. बाकावर बसून, पिशवी मांडीवर घेऊन लिहितोय.

प्रिय कमू,

तू आणि लेक बऱ्या असाल. तुमच्या खोडाळ्याच्या दोन गाड्या मी सोडल्या. आता तुझा दीर रघ्या भेटलाय, त्याच्या हाती ही चिठ्ठी आणि सुकी मुशी धाडतोय. तुला दूध कमी येतं असं तुझे मालक फोनवर म्हणाले. नर्सबाईंना दाखवायला चुकू नकोस.

सातपाटीला माझं काम बरं चाललंय. बंदरावर मुशी साफ करतो. हातभर लांब, करडी, नाक फावड्यासारखं चपटं. परवा एकीच्या पोटात बारा पिल्लं निघाली. प्रत्येकाला नाळ, माणसासारखी. मी मोजत बसलो तर आपल्याकडचीच फागीमावशी म्हणाली, "मास्तर, शाळा काढतोस काय त्यांची?" माशांची मापं घ्यायला येणाऱ्या मॅडमनी सांगितलं, मुशी म्हणजे लहान जातीचा शार्कच, हिचं अंडं मोहरीएवढंच असतं. पिल्लू वाढतं ते आईकडून नाळेतून मिळेल त्यावर. त्यानंतर माझा हात चालेना.

तू बारा दिवसांची होतीस, मी आठ वर्षांचा. बाबांनी जव्हारच्या बाजारातून आईसाठी सुकी मुशी आणली होती, दूध यावं म्हणून. आई ती निखाऱ्यावर भाजून लसूण-मिरचीचा रस्सा करायची. जामसरचं घर म्हटलं की मला अजून तोच वास येतो. उरलेली मुशी टोपलीत झाकून वर टांगलेली असे. आई पाण्याला गेली की मी कणगीवर चढायचो आणि तुकडा कोरडाच चघळायचो. चार दिवसांत टोपली रिकामी.

"मुशी कुणी रं खाल्ली?"

"मांजरीनं."

"शाणी दिसते मांजर! झाकण लावून गेली!"

आई हसली. मारलं नाही. परत आणायला पैसे नव्हते. तू नाचणीच्या पेजेवर वाढलीस, सगळे तुला काडी म्हणायचे. "दादा, मला सारखं खा, खा काय म्हणतोस?" असं तू चिडून विचारायचीस, त्याचं कारण हे.

मुशीनं खरंच दूध येतं का, ते मॅडमनाही सांगता आलं नाही. पण आईचा विश्वास होता, आणि मी खाल्ली.

आई गेली, तिला सांगायचं राहिलं. तुझ्या तोंडावर बोलवेना, म्हणून गाड्या सोडल्या. भाचीला बघायचंय, पण हे वाचून तू ये म्हणालीस तरच. शेवटची गाडी पाचला आहे. रघ्याच्या फोनवरून नुसता मिस कॉल दे. तोवर मी इथंच आहे.

तुझ्या वाट्याचं खाल्लेला,
सुदेश