तुमच्या निळ्या गाडीची चावी

अहो,

आज सकाळी मी तुमची गाडी चालवली. घरातलं कुणीतरी तुमच्या फोटोपुढे उभं राहून चुगली करेलच, त्यापेक्षा मीच सांगते. तोंडी सांगायला गेले तर राग एवढा वर आला की शब्दच फुटेना. फोटोतले तुम्ही नुसते हसता! म्हणून लिहायला बसले.

हो, तीच निळी. दोन दारांची, जपानहून आलेली. जिला हात लावायच्या आधी हात धुऊन यावं लागायचं, ती.

तलासरीकडची आपली जमीन नव्या एक्स्प्रेसवेत गेली, तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही वाडीत बोअर माराल, घराला एक खोली वाढवाल. तुम्ही मुंबईला गेलात आणि ही घेऊन आलात. आधी दोघांनी वापरलेली! मी पडवीत उभी होते. तुम्ही उतरलात आणि म्हणालात, "मीनल, आपल्या जमिनीवरून सगळ्या जगाच्या गाड्या पळणार. त्यात आपली एक नको?"

तेव्हा मला हसू आलं होतं. आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू? केस पिकलेला माणूस, आणि चेहरा असा की जत्रेतून पिपाणी घेऊन आलेलं पोर!

पण ती पळणार कुठे होती? फाट्यापासून घरापर्यंतचा रस्ता तुम्हाला ठाऊक नव्हता? पहिल्याच दिवशी पोट घासलं. मग तुम्ही फळ्या करून घेतल्यात. साहेबांची गाडी निघायची म्हणजे दोन गडी फळ्या घेऊन पुढे धावायचे. आशागडच्या गतिरोधकावर ती तिरकी तिरकी चढायची आणि मागे एसटीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून शिव्या घालायचा. पावसाळाभर ती चिकूच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर, आणि चिकूचे क्रेट आमच्या पडवीत! उंदरांनी वायरी कुरतडल्या तेव्हा तर तुम्ही घरात कुणी गेल्यासारखे जेवणावरून उठलात. वटवाघळं घाण करतात, रंग जातो, म्हणून शेडसमोरचं चिकूचं झाड तोडायला निघालात. सासूबाईंनी लावलेलं झाड! मी त्याला पाठ टेकून उभी राहिले म्हणून वाचलं.

हे सगळं मी चालवून घेतलं. हौस होती तुमची. रविवारी उजाडताच हायवेने तलासरीपर्यंत जाऊन यायचात आणि चहा पिताना हात हलवून हलवून सांगायचात, कुठल्या पुलावर इंजिनाचा कसा आवाज आला. चहा निवून जायचा. ते आठवलं की... असो. आज मला रागच धरायचा आहे.

आणि खरा राग मला त्या पांढऱ्या व्हॅनवरून आहे.

आपली जुनी व्हॅन. लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या बाबांनी मला तिच्यावर गाडी शिकवली. "घरातल्या बाईला गाडी यायला पाहिजे," म्हणायचे. शेजारी बसायचे, कधी ओरडले नाहीत. त्या व्हॅनमधून मी आपल्या ऋचाला डहाणूच्या शाळेत सोडलं, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. वाडीत काम करणाऱ्या सुनीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भर पावसात तिला दवाखान्यात कुणी पोचवलं? मीच ना? तेव्हा नव्हतं कुणी म्हणालं, तुला झेपणार नाही!

शेडमध्ये दोन गाड्या मावत नाहीत म्हणून तुम्ही व्हॅन विकलीत. मला न विचारता. मी माहेराहून आले तर तिच्या जागी मातीवर तेलाचा डाग तेवढा उरला होता.

"मग मी काय चालवू?" मी विचारलं.

"तुला कुठे जायचंय? सांग ना, मी सोडतो."

"मग मला ही शिकवा."

"हिचा क्लच फार जड आहे, मीनल. तुला नाही झेपायचा. कुठे टेकवलीस तर पार्ट जपानहून मागवायचा."

किती वेळा विचारलं असेन! गणपतीत विचारलं, ऋचाच्या लग्नाच्या गडबडीत विचारलं. दर वेळी क्लच जडच. आणि चावी तुमच्या शर्टाच्या खिशात. जणू मी ती गाडी घेऊन पळूनच जाणार होते!

त्या दिवशी तुम्ही वाडीतून परत आलात ते छाती धरून. शर्ट घामाने भिजलेला, ओठ पांढरे. पिकअप चिकू घेऊन बाजारात गेली होती. घरात तुम्ही आणि मी. शेडमध्ये टाकी भरलेली निळी.

"चावी द्या," मी म्हटलं.

"नको."

"अहो, द्या! मी नेते तुम्हाला."

तुम्ही खिशावर हात दाबून धरलात. "तू नको. नितीनला बोलव."

नितीनला! तुमचा भाऊ राहतो तिकडे डहाणूजवळ, मसोलीला. त्याने तिथून गाडी काढून आशागडला यायचं, तुम्हाला घ्यायचं आणि पुन्हा त्याच रस्त्याने डहाणूला न्यायचं. एवढं साधं तुम्हाला कळलं नाही? मी भाऊजींना फोन केला. शेजारी कुणाची गाडी आहे का ते बघायला रस्त्यापर्यंत धावले, परत आले. तुम्ही तसेच भिंतीला टेकून, हात खिशावर. आता लोक मला सांगतात, हिसकावून घ्यायची होती चावी. छातीत कळ आलेल्या माणसाशी झटापट करायची? सांगणाऱ्यांचं काय जातं!

भाऊजी आले. त्यांनी गाडी हाणली, त्यांना बोल लावणार नाही मी. डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं, बाहेर आले आणि म्हणाले, "जरा आधी आणायला हवं होतं."

जरा आधी! तालुक्यातली सगळ्यात वेगवान गाडी आमच्या दारात उभी, आणि आम्हाला जरा आधी पोचता आलं नाही! मला त्या डॉक्टरांसमोर रडू आलं नाही. मला तुम्हाला गदागदा हलवून उठवावंसं वाटलं. भांडायला.

तुमचे कपडे त्यांनी माझ्या हातात दिले. चावी खिशातच होती.

भेटायला येणारे आधी माझ्याजवळ बसायचे आणि मग हळूच शेडकडे जायचे. मागच्या आठवड्यात भाऊजी तलासरीहून एका गिऱ्हाइकाला घेऊन आले. त्या माणसाने गाडीभोवती फेऱ्या मारल्या आणि मला म्हणाला, "बेन, आ तमारा कामनी नथी. मने आपी दो." माझ्या कामाची नाही म्हणे!

"वहिनी, देऊन टाका," भाऊजी म्हणाले. "तुम्ही काय करणार हिचं?"

"देईन," मी म्हटलं. "पण आधी चालवेन."

तर आज सकाळी मी बसले. भाऊजी शेजारी, पट्टा लावून, ओठांत देवाचं नाव घेत. पहिल्यांदा गाडी बंद पडली. पुन्हा बंद पडली. मग निघाली.

अहो, क्लच जड नाही!

व्हॅनचा याच्याहून जड होता. तो दाबून दाबून माझी पोटरी भरून यायची. हा नुसता पाय ठेवला की खाली जातो. इतकी वर्षं खोटं बोललात माझ्याशी? की तुम्हाला खरंच तसं वाटत होतं? कुणाला विचारू आता?

फळ्याबिळ्या मी घेतल्या नाहीत. गतिरोधकावर तिरकी घातली. एकदा पोट घासलं. घासू दे! डहाणूच्या त्या दवाखान्याच्या फाटकाशी नेऊन उभी केली. किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं. तुम्हाला सांगणार नाही. भाऊजींनीही पाहिलं. मग हळूच म्हणाले, "चला वहिनी, घरी."

खिशावर हात ठेवलात तेव्हा तुमच्या मनात काय होतं? गाडीला ओरखडा पडेल, हे? की मी घाबरून कुठे धडकेन, मलाही काहीतरी होईल, हे? दुसरं असेल तर मी कधीतरी तुम्हाला माफ करेन. पहिलं असेल तर नाही करणार. पण तुम्ही उत्तर न देताच गेलात. मी जन्मभर दोन्ही धरून बसू का?

घरी आलो तर भाऊजींची बायको, आपली कल्पना, दारात उभी. पदराला हात पुसत म्हणाली, "ताई, मला शिकवाल?"

"तुला कशाला?" भाऊजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग स्वतःच म्हणाले, "शिक. शिकून घे."

निळी पुढच्या आठवड्यात जाईल. तलासरीला मीच चालवत नेणार आहे, तुमच्या त्या हायवेने. कुठल्या पुलावर कसा आवाज येतो ते ऐकेन एकदा. आणि त्या पैशांतून एक साधी, उंच गाडी घेणार आहे, जिला फळ्या लागत नाहीत.

तुम्हाला शब्द देते. कल्पनाला मी शिकवणार, न ओरडता, बाबांनी मला शिकवलं तसं. तुमच्या भावाच्या छातीत उद्या कळ आली, तर त्याची बायको त्याला उचलून गाडीत घालेल आणि निघेल. ती कुणाचीही वाट बघत बसणार नाही.

तुमची,
मीनल