दुरुस्त प्रत

३ नोव्हेंबर, सकाळी ७
डॉक्टरांनी बीपी बघून मीठ कमी आणि राग बंद सांगितला आहे. मिठाचं हिच्या हातात आहे, रागाचं माझ्या. आजपासून बंद म्हणजे बंद. व्हॉट्सॲपवर कुणी काहीही लिहो. शांतपणे चूक सुधारायची, फोन खाली ठेवायचा.

सकाळी ७.२०
सोसायटीच्या ग्रुपवर 'आपला दीवस आनदांत जावो'. आनदांत! अनुस्वार दिला आहे, पण घसरून शेजारच्या अक्षरावर पडला आहे. हे लोक लोन घेऊन फ्लॅट घेतात, मुलांना इंटरनॅशनल शाळेत घालतात आणि आनंद लिहिता येत नाही! चहा गार झाला. राग उद्यापासून बंद.

४ नोव्हेंबर
माझी पद्धत इथे नोंदवून ठेवतो. सरकारी कचेरीत जन्मभर मसुदे तपासले. गुपित एकच. मजकुरात शिरायचं नाही. कुणाची बदली, कुणाचं निलंबन, आपल्याला काय करायचंय? अर्थाच्या मागे लागलं की वेलांटी सुटते. रिटायर झाल्यावर तेच फोनवर करतो. मेसेज कॉपी करायचा, शुद्ध करायचा, वर 'दुरुस्त प्रत' असा मथळा, खाली चूक करणाऱ्याचं नाव आणि दहापैकी मार्क. परत ग्रुपवर टाकायचा. लोक शिकतात. तसं अजून कुणी बोललं नाही, पण शिकतात.

७ नोव्हेंबर
चेअरमन परेश घरी आला. अतिशय गोड बोलत होता, तेव्हाच ओळखलं. म्हणाला, प्रभाकरकाका, लोक नाराज आहेत, नाव घेऊन मार्क देता ते बरं दिसत नाही. परवा एका बाईंचे सासरे गेले, त्या मेसेजला तुम्ही चार मार्क दिलेत. चार जास्तच दिले होते, पण बोललो नाही. बीपी.
ही चहा घेऊन आली आणि मला न विचारता तह करून मोकळी झाली. नाव नाही, मार्क नाहीत, मथळा नाही. नुसता शुद्ध मजकूर टाकायचा. कबूल केलं. शुद्ध मजकुराला मथळा लागत नाही. परेश जाताना थँक्यू म्हणाला. आभारी आहे म्हणायला काय झालं होतं?

१० नोव्हेंबर
तिसऱ्या मजल्यावरच्या दत्ताने लोखंडी कपाट विकायला काढल्याचा मेसेज टाकला होता. भयंकर. कपाटापेक्षा जास्त गंज त्या मेसेजला. शुद्ध करून टाकला. दुपारपर्यंत कपाटासाठी मलाच फोन! एक जण तर टेम्पो घेऊन खाली हजर. हिने कपाळाला हात लावला. तिला कळत नाही. दत्ताचा मेसेजही तिथेच होता, त्याला एकही फोन नाही. लोकांचा विश्वास शुद्ध भाषेवर बसतो हे आज सिद्ध झालं.

१३ नोव्हेंबर
सोसायटीच्या बागेचं कंत्राट ज्याला दिलंय तो प्रणित. बेलपाड्याचा. शेतीची पदवी घेतली आहे म्हणे. त्याचा आजचा मेसेज: 'उद्या झाडांना फवारनी आहे. खीडक्या बंद ठेवने.' पदवीधर! अंगाची लाही लाही झाली. हा इसम स्वतःचं नावही चुकीचं लिहितो. खाली जाऊन सांगितलं, बाबा रे, प्रणीत, णी दीर्घ. हसून म्हणाला, काका, आधारवर तसंच आहे. मग आधार बदल म्हटलं. त्याने जास्वंदीचं रोप दिलं. लाच. गॅलरीत ठेवलं आहे.
मेसेज शुद्ध करून टाकला.

१४ नोव्हेंबर
सकाळपासून घरभर औषधाचा वास. डोळे चुरचुरतायत. खिडक्या बंद ठेवा असं कुणी सांगायला नको? ही म्हणते, काल तुम्हीच ग्रुपवर टाकलंत. वाद घातला नाही. बीपी.

१६ नोव्हेंबर, रविवार
पेनचं टोक कागदातून आरपार गेलं. रागाने.
आभा, माझी एकुलती एक लेक. बँकेत ऑफिसर. पहिलीपासून तिच्या लिहिण्यात चूक नाही. दर रविवारी आम्ही दोघं वर्तमानपत्र घेऊन बसतो. डावं पान तिचं, उजवं माझं. लाल पेनने छापील चुका काढायच्या. ती शाळेत होती तेव्हापासूनचा नेम. या घरात माझं बोलणं ऐकून घेणारं तेवढं एकच माणूस.
आज तिने पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की तिला प्रणितशी लग्न करायचं आहे. बागवाल्याशी! मी विचारलं, त्याचे मेसेज वाचतेस ना? म्हणाली, रोज. मी विचारलं, आणि सहन होतं? म्हणाली, बाबा, तो काय म्हणतोय ते मी वाचते.
माझा विरोध कशाला आहे ते स्पष्ट असलेलं बरं. गावाला नाही. घराण्याला नाही. मी सुधारक माणूस. धंद्यालाही नाही, झाडं मला आवडतात. विरोध फक्त ऱ्हस्व-दीर्घाला आहे. दुसरं काहीही नाही.

१९ नोव्हेंबर
मुलाचे वडील शिवाशेठ येऊन गेले. हातात सुकटीची पिशवी. बसल्याबसल्या मुद्द्यावर आले. साहेब, आमाला पोरगी पसंत हाय, तुमाला पोर पसंत नाय, त्याचं चुकलं काय ते सांगा. मी प्रणितचे मेसेज प्रिंट काढून, लाल करून ठेवलेच होते. समोर ठेवले. त्यांनी एकेक पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, येवडंच? आमाला वाटलं दारू पिताना बगितला काय.
येवडंच! भाषा बुडाली आणि येवडंच!
मी अट घातली. शंभर मार्कांचं श्रुतलेखन, पस्तीसला पास. पास झाल्याशिवाय लग्न नाही. प्रणित जागेवर कबूल. वर विचारतो, काका, पेन तुमचं का माझं? शिवाशेठ म्हणाले, आमी शालंत आसताना तुमच्यासारका मास्तर आसता तर म्हशीच राखल्या आसत्या. ही हसली. पाहुण्यांसमोर. मीठ कमी केलंय, त्याचाही राग येतोच आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
पहिली परीक्षा. अकरा मार्क. 'अनिर्वचनीय' म्हणून त्याने जे लिहिलं ते इथे उतरवण्यासारखं नाही. मुलगा नापास झाला याचा आनंद वगैरे मला होत नाही. दुपारचं जेवण मात्र छान गेलं. सुकट चांगली होती.

३० नोव्हेंबर, रविवार
सव्वीस. हे संशयास्पद आहे. कुणीतरी शिकवतंय. चौकशी केली तर आभा सकाळीच वडाळे तलावाच्या काठावर बसून त्याच्याकडून वेलांट्या गिरवून घेत होती! माझ्याच पद्धतीने! परीक्षकाच्या घरातला माणूस उमेदवाराला फितूर. हे माझ्या कचेरीत झालं असतं तर सस्पेंड केलं असतं.
वर्तमानपत्राचं उजवं पान तपासलं. डावं तसंच राहिलं.

७ डिसेंबर, रविवार
अडतीस. तीनदा मोजले. चार मार्क अक्षराचे कापता येतील का पाहिलं, पण अक्षर बरं आहे.
जाहीर केलं की पासिंग आता पन्नासला. पस्तीस ही पास होण्याची अट होती, जावई होण्याची नाही. प्रणित म्हणाला, बरं काका, पुढच्या रविवारी येतो. या मुलाला राग येत नाही, हाही एक दोषच.
आभाला आला. म्हणाली, त्याला नव्वद पडले तर तुम्ही शंभर मागाल. तुम्हाला त्याला पास करायचंच नाहीये. आणि खोलीत गेली. दार आपटलं.
खोटं आहे. साफ खोटं. करायचा आहे पास. पण एवढी घाई कसली? दोन-चार वर्षं अभ्यास झाला असता तर मुलाचंच भलं झालं असतं.

९ डिसेंबर
आभा बोलत नाही. जेवताना मीठ मागितलं तर आईला म्हणाली, त्यांना कमी सांगितलंय. त्यांना! मी कोण, पाहुणा? ही आणि आभा स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी गेलो की दोघी गप्प. बाकी बोलायला कुणी नाही म्हणून दिवसभरात बावीस मेसेज शुद्ध केले. एकाही माणसाने आभार मानले नाहीत.

१० डिसेंबर, सकाळी ८.१५
हद्द झाली. नातेवाइकांचा 'आपलं गोत' नावाचा ग्रुप आहे. त्यावर हिने आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं. आजवर नुसते अंगठे पाठवायची. आणि काय लिहिलं! 'कूलस्वामीनीच्या क्रूपेने', 'साखरपूडा', 'उपस्थीती', 'वीनंती'! हे माझ्या घरातून! ज्या घरात मी राहतो त्या घरातून! मावश्या, आत्या, मेहुणे, सगळं गोत बघणार. हे एक मिनिटही राहता कामा नये.

८.४०
पाठवलं. मसुदासुद्धा अर्धवट होता. निमंत्रण आहे आणि निमंत्रकाचा पत्ता नाही. असल्या मजकुराखाली घरच्या कर्त्या माणसाचं नाव घालायची पद्धत असते, म्हणून माझं घातलं. सुरुवातीला 'कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे' हे घातलं. स्नेहभोजनाचा उल्लेख राहून गेला होता, तोही घातला. रिटायर झाल्यापासून इतका देखणा मसुदा हातून उतरला नव्हता.

९.०५
अभिनंदनाचे मेसेज धडाधड येतायत. गोतात भाषेची कदर असलेली माणसं आहेत तर. उगाच नावं ठेवत होतो.

९.३०
धाकटा भाऊ अविनाश, तिकडे मोऱ्याला असतो, त्याचा फोन. म्हणाला, दादा, तू एवढं मोठं मन करशील असं वाटलं नव्हतं, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, अरे त्यात काय, माझं कर्तव्यच होतं ते. मग त्याने विचारलं, मुलगा करतो काय? कुठला मुलगा, मी विचारलं.

९.३५
वाचलं.

संध्याकाळी
आभाचा साखरपुडा. एकवीस डिसेंबर, बेलपाडा. वर प्रणित. निमंत्रक मी. आनंद मला अत्यंत होत आहे. आणि स्नेहभोजन.
फसवणूक! घरात राहून केलेली फसवणूक! हिला टाइप करता येत नाही, हे आभाचंच काम. ज्या मुलीने शाळेत कधी एक काना चुकवला नाही तिने 'क्रूपेने' लिहिलं. किती विचार करावा लागला असेल तिला. जाब विचारला. आभाने हातातला फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, बाबा, 'कूलस्वामीनी' लिहिताना हात उचलत नव्हता. चार दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.
मी गरजलो की आत्ताच्या आत्ता मेसेज डिलीट करतो. ही निवांत भाजी निवडत होती. म्हणाली, करा की. मग वरचा माझा तेवढा राहील. सगळ्या गोतासमोर.
मेसेजवर बोट दाबून धरलं, डिलीट करायचं का असं फोनने विचारलं. नाही केला.
ही माघार नाही. माझी संमती भाषेला आहे, मजकुराला नाही. हे उद्या सगळ्यांना लेखी कळवणार.

११ डिसेंबर
कळवलं नाही. अविनाशने पेढे वाटले आहेत म्हणे.

२१ डिसेंबर, रविवार
साखरपुडा झाला. निमंत्रक म्हणून दारात उभं राहावं लागलं, पाय सुजले. शिवाशेठ दिसेल त्याला मोबाइल दाखवत होते. व्यायांनी लिवलाय, येक चूक दाखवा, हजार रुपये देतो. कुणाला दाखवता आली नाही. प्रणित पाया पडला. अजून बारा मार्क बाकी आहेत म्हटलं. हो काका म्हणाला. आभा हसली. माझ्याकडे बघून हसली, त्याच्याकडे नाही.

२३ डिसेंबर
आता लग्नपत्रिका. इथे गफलत चालणार नाही. पेनात नवी रिफिल टाकली. लग्नपत्रिका म्हणजे चुकांचं माहेरघर. प्रूफ कधी येतं म्हणून शिवाशेठना दोनदा फोन केला. येतंय म्हणाले. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एक कागद छापू देणार नाही. आभालाही कळू दे, घरात बापाची गरज कशाला लागते.

२८ डिसेंबर, रविवार
प्रणित आणि शिवाशेठ पत्रिका घेऊन आले. छापून! गठ्ठेच्या गठ्ठे, वर सुतळी बांधून. प्रूफ मला दाखवलंच नाही. संतापाने कान गरम झाले. म्हटलं, एक चूक सापडू दे, सगळे गठ्ठे परत धाडतो. पेन घेऊन बसलो. सरळ वाचली. मग शेवटच्या शब्दापासून उलटी वाचली. नाही. एक नाही. साधी रेघसुद्धा तुटलेली नाही. अशी पत्रिका छापतात का कुठे!
कुणी तपासली विचारलं. प्रणित म्हणाला, आभाने, आमच्याकडे बसून. आता आमचं सगळं लिहिणं तीच बघणार आहे, काका, तुम्हाला त्रास नको.
त्रास! याला वाटतं मला त्रास होतो!
ते गेल्यावर ही म्हणाली, तारीख नीट छापली आहे ना? मला सांगता येईना. परत उघडली. आठ फेब्रुवारी, रविवार. तारखेच्या वर आभाचं नाव, नावापुढे माझं, त्याच्या खाली तिकडच्या सगळ्यांची. हळूहळू पूर्ण वाचली. बेलपाडा काही लांब नाही, बसलं रिक्षात की पोचलं. तरी चष्मा काढून पुसावा लागला.
हिने विचारलं, काय सापडलं?
काही नाही म्हटलं. पत्रिका बरोबर आहे.