बंद केलेली शीर

१४ जून, दुपार

ताई,

नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल. इकडे सगळं ठीक. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे.

तुमच्या घटस्फोटानंतर यांची बायको म्हणून या घरात आलेली ती मी. आपण कधी भेटलो नाही, तरी राहतो एकाच घरात. स्वयंपाकघरातले हुक तुमच्या उंचीचे; मला टाचा उंचावाव्या लागतात. सासूबाई चुकून तुमच्या नावाने हाक मारतात आणि मी ओ देते.

यांचं ऑपरेशन झालं त्याला बरेच महिने झाले. बाहेर ‘हर्निया’ सांगितलंय. हर्निया नव्हता. अंडकोषाजवळच्या शिरा फुगल्या होत्या; व्हेरिकोसील म्हणतात, त्याने पुरुषाकडून मूल राहणं अडतं. कापाकापी नाही. मानेतल्या शिरेतून बारीक नळी घातली आणि बिघडलेली शीर तारेची वेटोळी सोडून आतूनच बंद केली. संध्याकाळी घरी! यांचं कण्हणं ऐकून नर्स म्हणाली, “एवढ्याशा भोकाला एवढा आवाज? बाळंतपण असतं तर छप्पर उडालं असतं!”

डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, “दुखणं जुनं दिसतंय. पूर्वी तपासून घेतलं नाहीत?”

“तशी वेळ आली नाही,” हे म्हणाले.

ताई, मूल राहावं म्हणून तुम्ही घेतलेल्या इंजेक्शनांचं खोकं माळ्यावर अजून आहे. मग ती वेळ कुणावर आली होती?

गुंगीत हे पुटपुटले, “तिला कळू देऊ नका.” मी हात धरून शेजारीच उभी होते. ‘ती’ मी नव्हते.

आता लिहायला हात धजत नाही ते लिहिते. मला दिवस गेलेत. सासूबाई गल्लीभर सांगतात, “हिचा पायगुण! त्या वांझेने घर अडवून ठेवलं होतं.” हे ऐकतात आणि पेपरचं पान उलटतात.

“खरं सांगा की त्यांना,” मी म्हटलं.

“मेलेली गोष्ट कशाला उकरतेस?”

मेलेली? ती रोज माझ्या ताटाशी बसते! माझं मूल जन्माआधीच तुमच्याविरुद्ध साक्षीला उभं करताहेत. मी ते होऊ देणार नाही.

तुमच्या मावशी बाजारात भेटल्या. चांगलं स्थळ आलंय, पण ‘मला मूल होणार नाही’ म्हणून तुम्ही नकार कळवणार आहात म्हणे. कळवू नका. तुमच्यात दोष कधी सापडलाच नव्हता. जिथे शोधायचा तिथे कुणी शोधला नाही. हे पत्र फाडू नका, त्या माणसाला दाखवा. तो इथे विचारायला आला तर दारात उभी राहून, सगळ्यांदेखत सांगेन.

हुक खाली घ्यायला काल सुतार आला होता. मी त्याला परत पाठवला. त्या स्थळाला तुमचा होकार कळेपर्यंत ते तिथेच राहतील.

टाचा उंचावून वाट पाहणारी,
तुमची धाकटी