पाठ तेवढी माझ्या नावावर

१७ नोव्हेंबर २०२४

सात कार्डं! कपाटातला जुना डबा उपडा केला तर सात विमान कंपन्यांची सात कार्डं निघाली. एकावरही धड पॉइंट नाहीत. बावीस वर्षं टॉवेलचे नमुने घेऊन जर्मनीपासून दुबईपर्यंत हिंडलो, पण कुठल्याच कंपनीच्या लेखी मी कुणी नाही.

चूक माझीच. वडील सांगायचे, बाजारात एकाच दुकानाला बांधून घ्यायचं नाही, चौघांकडून थोडं थोडं घ्यायचं म्हणजे चौघंही धरून राहतात. सुताच्या व्यापारात ते खरं होतं. मी तेच विमानांना लावलं आणि फसलो.

आता अडलंय म्हणून सुचतंय. आमची एकुलती सिद्धेश्वरी टोरांटोत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिचं पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायचं. तिला येता येत नाही, म्हणजे माहेराने तिकडे जायचं. आणि शिवलीलाच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं— "दोन तासांवर सलग बसायचं नाही. आडवं पडता येत असेल तर खुशाल जगाच्या टोकाला जा." विमानात आडवं पडायला पुढच्या वर्गाची सीट लागते. ते तिकीट आपल्या आवाक्याबाहेरचं. मग मागचं तिकीट काढायचं आणि पॉइंट घालून पुढे सरकायचं. त्यासाठी एकाच कंपनीशी एकनिष्ठ राहायचं.

छप्पन्नाव्या वर्षी!

२४ नोव्हेंबर

दिवसभर कंपन्या बघितल्या. नावं लक्षात राहीनात म्हणून शेपटीच्या रंगावरून ओळखतो. निळीच्या कार्डावर माझे सगळ्यात जास्त पॉइंट, पण सीट वाढवून मिळणार ती फक्त मेंबरला. म्हणजे मी पुढे ताणून देणार आणि पाठीवर टाके पडलेली मागे बसणार! हिरवीचं नाव मोठं, पण स्वस्त तिकिटाला अपग्रेडच नाही. ही मेख कुठे लिहिलेली, तर सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. लाल शेपटीची त्यातल्या त्यात बरी. पॉइंट देताना हात आखडता, पण घरातल्या आठ माणसांचे पॉइंट एकाच खात्यात जमवता येतात आणि ते कुणासाठीही वापरता येतात. सीट रिकामी राहिली तर जुन्या मेंबरला आधी विचारतात.

शिवलीला दिवाणावर पडून बघत होती. "काय करालाय सकाळपासनं? सिद्धीची स्थळं बघताना एवढं बघितलं न्हवतं तुमी."

संध्याकाळी जावयांचा फोन. "अप्पा, माझ्याकडे लालचे ढीगभर पॉइंट पडून आहेत. तुम्ही घ्या ना." महेश्वर फार गुणी मुलगा. पण मी नको म्हणालो. मुलीच्या घरचं घ्यायचं नाही. आजोबा तर लेकीच्या गावचं पाणीही पीत नसत. शिवलीलाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि कूस बदलली. तिला कूस बदलायला किती वेळ लागतो ते बघवत नाही.

२५ नोव्हेंबर

लाल. ठरलं.

८ डिसेंबर

आज एक डोकं चालवलं होतं. शिवलीला याआधी दोनदा लालने जाऊन आली आहे— सिद्धीच्या पदवीदानाला, मग तिचं घर लावायला. दोन्ही वेळी तिच्या तिकिटावर मी माझा मेंबर नंबर टाकला होता. त्याचे पॉइंट कुठेतरी असणारच! फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती.

"सर, मॅडमचा मेंबरशिप नंबर?"

"तिला कशाला नंबर? माझाच लावा की."

"सर, जे प्रवास करतात त्यांच्याच नावावर पॉइंट मिळतात. दुसऱ्याच्या नंबरवर जमा होत नाहीत. आणि आता मागायची मुदतही संपली."

दोन्ही प्रवास पाण्यात. टोरांटोला जाऊन येऊन दोनदा! जेवताना शिवलीलाला सांगितलं. मला वाटलं चिडेल. तिने भाकरी मोडली, शेंगाची चटणी लावली आणि म्हणाली, "गॅस तुमच्या नावावर. लाइटबिल तुमच्या नावावर. मिक्सरची वॉरंटीसुदीक तुमच्याच नावावर. पाठ तेवढी माझ्या नावावर हाय."

मी हसलो. जेवण झाल्यावर तिचंही ताट मीच उचललं.

९ डिसेंबर

सकाळी पूजेला बसलो. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, शेजारी शिवलीला तिचं घेऊन. माझं तिला चालत नाही, तिचं मला चालत नाही. लहानपणी मी हट्टाने वडिलांचं लिंग हातात घ्यायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतला होता. हे ज्याचं त्याने सांभाळायचं, म्हणाले. नवराबायकोत वाटून घ्यायचं नाही, मुलालाही द्यायचं नाही. देवसुद्धा तिचा वेगळा आहे या घरात. मग तिच्या मोबाईलचं सिमकार्ड माझ्या नावावर का?

लाज वाटली.

१२ डिसेंबर

शिवलीलाच्या नावाचं सिमकार्ड घेतलं. दुकानदाराने फॉर्म पुढे केला आणि मी सवयीने बोट ठेवलं— "इथं सही कर." अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय. बँक, विमा, घराचे कागद. ती "कशाची?" म्हणते, मी "कर की आधी" म्हणतो, ती करते. आज तिने पर्समधून चष्मा काढला आणि फॉर्म पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. दुकानदार माझ्याकडे बघतोय. मी पंख्याकडे बघत राहिलो.

घरी येऊन लालचं कुटुंबाचं खातं उघडलं. "कुटुंबप्रमुख" या रकान्यात माझं नाव टाकून झालं होतं. ते खोडून तिचं टाकलं. तिकिटं, पॉइंट, अपग्रेड, सगळी सूत्रं प्रमुखाच्या हातात. ओटीपी तिच्या फोनवर आला. तिने तो मोठ्याने वाचला, शाळेतल्या कवितेसारखा.

१६ जानेवारी, फ्रँकफर्ट

तिकडे सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आणि मी इथे प्रदर्शनात टॉवेलची घडी उलगडून दाखवतोय. कारखान्याचा शहाजी थेट विमानाने आला. मी मुद्दाम लालने, दोन ठिकाणी विमान बदलून. पॉइंट दुप्पट मिळतात म्हणून! "साहेब, कुर्डुवाडीहून सोलापूरला यायला मुंबईला कुणी जातं का?" शहाजी दिवसभर हसत होता. पाय सुजलेत. हसू दे.

दुपारी शिवलीलाचा मेसेज— "तुमचे पॉइंट आले. आता जेवा." मी पोचल्याचं अजून कळवलंही नव्हतं नीट.

२ मार्च

२७ मार्चची दोन तिकिटं काढली, जाण्यायेण्याची. पॉइंट एकाच सीटला, एकाच बाजूला पुरले. शिवलीलासाठी जातानाचं अपग्रेड मागितलं आहे. वेटिंग लिस्ट! मुंबईपर्यंत रेल्वेत चादर उशीसकट आडवं होऊन जाता येतं, त्याचं कुणाला कौतुक नाही. पुढच्या प्रवासाला मात्र एवढा जप.

५ मार्च

वेटिंग.

८ मार्च

वेटिंग. तिने बॅग भरायला घेतली. मी म्हणालो थांब, सीट मिळाली नाही तर जायचं नाही. "मग बसून जाईन," म्हणाली. डॉक्टरांच्या वाक्याची आठवण करून दिली. "डॉक्टरांची लेक बाळंत होत न्हाई," एवढंच बोलली. भीती वाटते मला. खरंच बसून जाईल ती.

११ मार्च

"आयतु!"

स्वयंपाकघरातून ओरडली. ती फार आनंदली की माहेरचं कानडी येतं. सीट मिळाली! फोन तिच्या हातात, पीठ फोनला. मला डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. आता परतीचं काय, ही चिंता उद्या करू.

१३ मार्च

माझं तिकीट रद्द केलं! मला न विचारता! तिने!

कुटुंबप्रमुख ना. ओटीपी तिच्याच फोनवर. परत आलेल्या पैशातून स्वतःची परतीची सीट वाढवून घेतली. "अगं, मला सांगायचंस तरी!"

"येताना काय पाठ तितंच ठेवून येऊ? जावयाचं घ्यायचं न्हाई म्हणालाव. मग घरातलंच काढलं."

"तू एकटी कशी जाणार?"

"झोपून. आणि तुमी बाळंतपणात काय करणार हाव? येरझाऱ्या?"

जेवलो नाही.

१५ मार्च

राग उतरला. खाली काय होतं ते आज दिसलं. तिची काळजी तर होतीच, पण मला जायचं होतं. सिद्धीला बघायचं होतं, नातवंडाला पहिल्या दिवशी हातात घ्यायचं होतं. पाठीचं नाव पुढे करून मी माझंही तिकीट काढलं होतं. जावयांना एक शब्द टाकला असता तर दोघंही गेलो असतो. आजोबांचं ते पाणी आडवं आलं.

हे तिला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो.

२७ मार्च, मुंबई

सोडून आलो. डिंकाच्या लाडवांचा डबा तिने हातातच ठेवला. व्हीलचेअर नको म्हणाली, सावकाश चालत गेली. दारातून वळून ओरडली— "गॅस तुमच्या नावावर हाय! चहा करून प्या!" आजूबाजूची माणसं बघायला लागली. काच बंद झाल्यावर बराच वेळ तिथेच उभा होतो.

२९ मार्च

"पोचले. झोपून आले. पाठ गप्प हाय."

चारदा वाचलं.

१२ एप्रिल

मुलगी! दोघी सुखरूप. फोटोत शिवलीला ताठ बसली आहे आणि मांडीवर एवढंसं गुंडाळलेलं. तिकडच्या स्वामींना बोलावून बाराव्या दिवशी बाळाला लिंग बांधणार आहेत. तिचं स्वतःचं. महेश्वर व्हिडिओवर म्हणाला, "अप्पा, तुम्ही पाहिजे होतात." मी आवाज येत नाही असं सांगून फोन ठेवला.

१६ एप्रिल

शिवलीलाने कळवलं— महेश्वरला तिने लालच्या कुटुंबात घेतलंय, त्याच्या ढीगभर पॉइंटांसकट. "आता ते मुलीच्या घरचे न्हाईत. आपल्या घरचे हाईत."

१९ एप्रिल

सकाळी शिवलीलाचा फोन. "तुमच्या मोबाईलवर सहा आकडे आलेत बघा. सांगा."

"कशाचे?"

"सांगा की आधी."

चष्मा लावला आणि एकेक आकडा सांगितला.

दहा मिनिटांत तिकीट आलं. ९ मे, माझ्या नावाचं, जावयाच्या पॉइंटांवर, वरचा कर तेवढा माझ्या बँकेच्या कार्डावर. शेवटची रांग, मधली सीट.