जोरात दाबलेला दोन

३ मार्च, दुपारी २.१०
नुकता डोळा लागला होता. कर्ज हवंय का? नको. तरी चार वेळा. आता पुरे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली आहेत. मला फोनवर छळणारा अजून जन्माला यायचाय. उद्यापासून सूड.

४ मार्च
शस्त्र: जुनी शिट्टी. विमावाल्याला सणसणीत फुंकून ऐकवली. फोन माझ्याच कानाला होता. डावा कान अजून वाजतोय. शिट्टी रद्द.

५ मार्च, सकाळी
हिला सुया ओवून दिल्या. सहा. हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख इस्पितळातून फोनवर कळणार. नातीचा फ्रॉक नीट दिसायला लागल्यावरच शिवणार म्हणते. तिथे नंबर माझा दिलाय, मीच सांगितलं तसं. फोन म्हणजे माझा प्रांत. शिवाय इस्पितळात ऑपरेटर असतो. आमच्यातलाच कोणीतरी. आवाजावरून ओळखेन.

७ मार्च
बँकेतून बोलतोय म्हणणारा एक ठग. कार्ड आणतो सांगून फोन उशीवर ठेवला, निवांत दाढी केली. परत आलो तर गडी लाईनवरच! चिकाटी मानली. मग त्याला एक्स्चेंजमधला एक किस्सा सांगायला घेतला, तर त्यानेच फोन ठेवला. किस्सा चांगला होता.

९ मार्च
मेव्हणा म्हणतो, अनोळखी नंबर उचलूच नका. पळपुटा. माझी नवी युक्ती: रेकॉर्ड केलेला आवाज आला की ऐकत बसायचं नाही, सरळ दोन दाबायचा. एक दाबला की गळाला लागलात.

११ मार्च, ११.२०
पहिली शिकार! गोड आवाजाची यंत्रातली बाई. कृपया संदेश शेवटपर्यंत ऐका, आपली तारीख... कसली तारीख? हप्त्याचीच असणार. दोन. इतक्या जोरात की अंगठा दुखावला.

१२ मार्च
तीच बाई. दोन. हिने शिलाई मशीनवरून विचारलं, अहो, कोणाचा फोन? म्हटलं, शत्रूचा.

१६ मार्च
चार दिवस बाई गप्प. खोड मोडली! इस्पितळाचाही फोन नाही. काय हा कारभार! तक्रार लिहायला घेतली. तीन पानं झाली, अजून मुद्द्यावर यायचंय.

१८ मार्च
तक्रार द्यायला दोघं इस्पितळात. खिडकीवरच्या मुलीला खणखणीत आवाजात विचारलं, फोन का केला नाहीत? रांगेतले सगळे वळले. तिने स्क्रीन बघितला. म्हणाली, काका, अकराला केला, बाराला केला. हल्ली मशीनच फोन करतं. दोन्ही वेळा तुम्ही नकार दाबलात.

ऑपरेटर कुठे गेला, विचारलं. चार वर्षांपूर्वी रिटायर झाला.

आता तारीख जुलैत. हिने माझ्याकडे पाहिलं. तिला किती दिसलं कोण जाणे, मला मात्र बघवेना. तक्रार खिशातच राहिली. निघताना हिने तिथे स्वतःचा नंबर लिहून दिला. आकडे ओळीखाली घसरले होते.

१९ मार्च, सकाळी
सुया ओवल्या. बारा. माझा फोन वाजला, तो हिनेच घेतला. कर्जवाले. हिने शेवटपर्यंत ऐकलं, एकदाच नको म्हणाली. पुन्हा आला नाही.

संध्याकाळी
थोरलीचा फोन. नात विचारतेय, आजीने फ्रॉक कधी शिवायला घ्यायचा ठरवलंय? हिने फोन माझ्यापुढे धरला. तुम्हीच सांगा म्हणाली, फोन म्हणजे तुमचा प्रांत.