पुढचं पान उघडत नाही

गुरुजी, गणिताचे सत्तावीस धडे मी केले. त्यांतल्या एकशे बारा आकृत्या माउसनं काढल्या, समजावणारा आवाज माझा, आणि कॉम्प्युटर ज्यावर ठेवला ते सागवानी टेबलही माझ्याच रंध्यानं घासलेलं. वसमतच्या स्टँडजवळच्या माझ्या सुतारकामाच्या दुकानातून हे धडे इंटरनेटवर चढवले. काम सुटलेल्या, शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसावं म्हणून. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, हे मी मोठ्यानं सांगतो. उत्तर चुकलं की पुढचं पान उघडत नाही, दुसरं उदाहरण येतं, ही रीत मात्र तुमची. दहावी नापास होऊन मी कापसाच्या जिनिंगवर लागलो, तेव्हा तुम्ही रविवारी ओसरीवर बसवायचात. एकदा मी गाईडातून गणित उतरवून आणलं. तुम्ही वही मिटलीत. "बराबर आहे. पण हे गाईडाला येतं. तुला काय येतं?"

हट्टा गावची एक बाई जीपनं दुकानात यायची. सातवी शिकलेली, जिनिंग बंद पडल्यापासून घरी बसलेली. शेकडेवारीच्या पानावर तीन दिवस अडकली. "भाऊ, हे काहून सरकून न्हाई राहिलं?" "चुकलं बाई, पुन्हा बघा." "तुमच्या कंपुटरपरीस माझी सासू बरी." चौथ्या दिवशी शंभर किलो ओल्या हळदीची वाळून वीस किलो झाली तर घट शेकडा ऐंशी, हे तिनं आपणच मांडलं आणि पान उघडलं. ती मागं टेकून नुसती बघत बसली.

तेवढ्यात एका संस्थेचा माणूस येतो. त्याला धडे हवेत, पण उत्तर चुकलं तरी पान उघडलं पाहिजे. कोर्स पुरा केलेल्यांची यादी दाखवली की त्यांना अनुदान मिळतं. "सर, बायांचं काय, सर्टिफिकेट भिंतीला लागलं की खूश." मग तिच्याकडं वळून, "ताई, दुपारपर्यंत तुमचा कोर्स संपवून देतो."

ती म्हणाली, "मंग परीक्षेतबी असंच उघडंल ना, साहेब?"

तो हसला. ते हसू आठवलं की अजून तोंड कडू होतं. शिकायला परत आलेलं माणूस यांच्या लेखी यादीतलं एक नाव, आणि या धंद्याला हे लोक शिक्षण म्हणतात. त्यानं चहा घेतलेला कप मी दोनदा विसळला, तरी वापरवला नाही.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र टाकू कुठं? वहीतच राहील. पण एक कबूल करतो. मी न्हाई म्हटल्यावर तो सावकाश आपल्या जीपकडं गेला. आत ती पुढच्या धड्याला लागली होती, आणि तो वळून पुन्हा विचारील या आशेनं मी दारात उभा होतो. सत्तावीस धडे, सगळी पानं मोकळी करून, एकरकमी सव्वा लाख देतो म्हणाला होता.